बर्डी ते हिंगणा, व्हाया टोपी, कोंबडा आणि लाकडी बैल

सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून लागायचं ठरवलेली पोरं भेटली की तीन गोष्टी हमखास विचारतात: लायसन्स कोणतं लागतं, ड्युटी किती तासांची असते आणि पगार वेळेवर होतो का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण गाडी हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात नवा माणूस गोंधळतो तो प्रवाशांमुळे. नागपूरच्या बसमध्ये रोज काहीतरी हसण्यासारखं घडतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या गमती हसून सोडून देऊ नका. प्रत्येक गमतीमागे त्या थांब्याचं, त्या वेळेचं किंवा त्या ऋतूचं एक कारण असतं. ते कारण सापडलं की उद्या त्याच जागी गाडी कशी न्यायची हे कोणी शिकवावं लागत नाही.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ. व्यावसायिक वाहनाचं लायसन्स वयाची २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं असावं लागतं. डॉक्टरकडून फॉर्म १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, भरून घ्यावा लागतो. लायसन्स ५ वर्षांनी नव्याने करावं लागतं, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रवासी वाहन चालवायला बॅज लागतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच टाकून द्या. ड्युटीचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) घालून दिलेलं गणित असं: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती. हे आकडे पाठ असू द्या. दुपारी तीनला उपाशीपोटी गाडी चालवणाऱ्याला प्रवाशाच्या गमतीत गंमत दिसत नाही, नुसता राग येतो, आणि तो राग ब्रेकवर उतरतो.

आता गाडीवर चढू.

मोरभवनच्या बस स्टँडवर गाडी आत शिरली की ती थांबायच्या आधीच लोक तिच्यासोबत चालू लागतात. रुमाल, पिशवी, वही, पाण्याची बाटली, हाताला येईल ते खिडकीतून सीटवर टाकायचं आणि जागा धरायची, ही इथली जुनी रीत. एका संध्याकाळी एका काकांकडे टाकायला काहीच नव्हतं. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि नेम धरून आत टाकली. नेम चांगला होता, टोपी बरोबर खिडकीजवळच्या सीटवर बसली. पण ती गाडी होती डेपोत जाणारी. प्रवासी उतरले, दार बंद झालं आणि गाडी हलली. काका उघड्या डोक्यानं मागे धावत सुटले, "अहो, टोपी! टोपी चालली ना माह्यी!" स्टँडवरच्या माणसानं आडवा हात करून गाडी थांबवली. कंडक्टरनं टोपी दोन्ही हातांनी आणून दिली. काकांनी ती झटकली, डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "आता मंग हिंगण्याची कुठी लागते?" पुढची गाडी दिसली तशी टोपी पुन्हा हातात.

काकांचं काही चुकत नव्हतं. दिवसभर उभ्यानं काम केलेल्या माणसाला घरी जातानाही उभंच राहायचं म्हटलं की सीटची किंमत कळते. तुम्ही शिकायचं ते हे: संध्याकाळी सहा ते आठ या वेळात स्टँडमध्ये गाडी माणसाच्या चालीनंच न्यायची. लोक गाडीला चिकटून चालत असतात, त्यांचं लक्ष सीटकडे असतं, चाकाकडे नसतं. गाडी पूर्ण थांबून हँडब्रेक लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि गाडी डेपोत जाणार असेल तर पाटी स्टँडमध्ये शिरायच्या आधीच बदलून घ्यायची.

पाटीवरून आठवलं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'कोराडी' लिहिलेलं असतं आणि तरी दाराशी येऊन माणूस विचारतो, "कोराडी जाते का जी?" नव्या ड्रायव्हरला याचा फार त्रास होतो. तो बोट दाखवून म्हणतो, "पाटी वाचा ना." असं म्हणू नका. मे महिन्याच्या उन्हात दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं समोरून दिसतच नाहीत, आणि गर्दीत पाटी बघायला कोण थांबतो? नवरात्रात एक आजी जगदंबेच्या दर्शनाला निघाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, कंडक्टरला विचारलं, शेजारच्या बाईला विचारलं, मागच्या पोरांना विचारलं. पोरं म्हणाली, "हव आजी, पक्की जाते." तरी प्रत्येक थांब्याला "आली का कोराडी?" शेवटी कोराडी खरोखरच आली तेव्हा सगळ्या बसनं एका आवाजात सांगितलं, "आली!" आजी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सगळे हसून राहिले, म्हणजे अजून लांब असन." अशा वेळी नुसतं 'जाते' म्हणून भागत नाही. "जाते, अर्धा-पाऊण तास लागेल, कंडक्टर आवाज देईल," एवढं पुरं वाक्य सांगितलं की माणूस शांत बसतो. आवाज देण्याचं काम मात्र कंडक्टरचं. चालत्या गाडीत प्रवाशाशी बोलायचं ते त्यानं, आपण फक्त ऐकायचं.

थांब्यांची नावं दोन-दोन आहेत हे लक्षात ठेवा. सीताबर्डीला कोणी सीताबर्डी म्हणत नाही, ती बर्डी. संविधान चौकाला जुनी माणसं अजून रिझर्व्ह बँकच म्हणतात. आणि मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. एकदा पुण्याकडचा एक तरुण थांब्यावर विचारत होता, "इथे जवळ मेडिकल कुठे आहे?" त्याला डोकेदुखीची गोळी हवी होती. थांब्यावरच्या मंडळींनी त्याला हाताला धरून बसमध्येच चढवला. एकानं त्याची बॅग घेतली, दुसऱ्यानं सीट रिकामी केली, तिसरा विचारत होता, "पेशंट कोणत्या वॉर्डात हाय?" तो बिचारा सांगतोय की गोळी हवी, आणि एक मावशी त्याला धीर देतायत, "भेटते बाबू गोळी, तिथी फुकट भेटते." दोन थांबे गेल्यावर उलगडा झाला. तोवर कोणाच्या तरी पर्समधून गोळी निघाली होती आणि बाटलीतून पाणीही. त्याची डोकेदुखी बसमधून उतरायच्या आतच थांबली असावी, कारण उतरताना तो सगळ्यांना हात करत होता.

आता आरशाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सिटी बसची निम्मी ड्रायव्हिंग डाव्या आरशात असते.

सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना अंबाझरीच्या बाजूनं जाताना मागून धावणारी माणसं दिसतात. थंडीचे दिवस होते. मागच्या सीटवरून आरडाओरडा झाला, "थांबवा ना जी, माणूस धावून राहिला!" गाडी थांबली. माणूस धावत आला, दाराजवळून तसाच पुढे निघून गेला. गाडी पुन्हा निघाली, त्याला ओलांडून पुढे गेली, पुढच्या थांब्यावर थांबली, तोवर तो पुन्हा मागून आला आणि पुन्हा पुढे. प्रवाशांना आता चेवच आला. "अहो, चढून घ्या, कंडक्टर काही म्हणत नाही!" तो धापा टाकत म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय." बसमध्ये हशा पिकला.

पण आरशात पाहायला शिकलात तर अशी गाडी थांबवावी लागत नाही. बस पकडायला धावणारा माणूस दाराकडे बघत असतो. त्याचा एक हात वर असतो, दुसऱ्या हातात पिशवी किंवा डबा असतो आणि तो सरळ रेषेत धावत नाही, गाडीकडे तिरपा येतो. व्यायामाला धावणारा रस्त्याकडे बघतो आणि त्याचे दोन्ही हात रिकामे असतात. तिसरा प्रकार रिक्षामागे धावणाऱ्याचा, तो आपल्या आरशातून एकदम नाहीसा होतो, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा. तो नाहीसा झाला म्हणजे आपल्या मागच्या कोपऱ्याजवळ आहे असं समजायचं आणि तो पुन्हा दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही. हसू आलं तरी मान वळवायची नाही. थांब्यावर गाडी उभी राहिली की पोटभर हसा, मीही हसतो.

कंडक्टरशी जोडी जमवणं ही वेगळी विद्या आहे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गर्दीत कंडक्टर बहुतेकदा पत्र्यावर थापच मारतो. आमच्याकडे एका नव्या मुलाच्या गाडीत कॉलेजची पोट्टी क्रिकेटची मॅच जिंकून चढली. गाडी थांब्यावर उभी, कंडक्टर खाली उतरून एका म्हाताऱ्याला वर चढायला हात देऊन दाराच्या मागे काही बघत होता, आणि आत पोट्ट्यांनी पत्र्यावर ताल धरला. ताल दोन-दोनाचाच होता. मुलाला वाटलं डबल बेल. गाडी निघाली, कंडक्टर खालीच. पुढच्या थांब्यावर तो कोणाच्या तरी ॲक्टिव्हावर मागे बसून पोचला, तिकिटाची मशीन छातीशी धरून, आणि आत चढला तेव्हा त्याच पोट्ट्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी नव्यांना सांगतो, नवा कंडक्टर मिळाला की फेरी सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं उभं राहून ठरवून घ्या: थाप कुठल्या पत्र्यावर, सोबत आवाज काय, आणि आवाजाशिवाय नुसत्या थापेवर गाडी हलणार नाही.

जिवंत माल हा एक स्वतंत्र विषय आहे. कामठी रोडवर एका माणसाच्या पिशवीत कोंबडा होता. पिशवीबाहेर फक्त डोकं. हॉर्न वाजला की तो बांग द्यायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, मग लहान मुलं ड्रायव्हरच्या मागे येऊन उभी राहिली, "काका, एक बार बजाव ना!" हॉर्न खेळायला नसतो. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, आणि बर्डीकडे येताना असे पट्टे बरेच लागतात. तिथून हॉर्न न वाजवता गाडी काढली, मुलांचा फार हिरमोड झाला. मग कोणाच्या तरी मोबाईलची रिंग वाजली आणि कोंबड्यानं तिलाही उत्तर दिलं.

उन्हाळा मात्र नागपूरच्या ड्रायव्हरची खरी परीक्षा घेतो. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी स्टिअरिंगला हात लावायच्या आधी ओला दुपट्टा फिरवावा लागतो. बसमध्ये एक पाहण्यासारखी गोष्ट होते. वर्धा रोडनं खापरीकडे जाताना ऊन उजव्या खिडक्यांतून येतं, म्हणून सगळे प्रवासी डावीकडे. उजवीकडच्या सीट रिकाम्या आणि डावीकडे माणसं दाटीवाटीनं उभी. गाडी दुसरीकडे वळली, ऊन डावीकडे आलं, की एकही शब्द न बोलता अख्खी बस उठते आणि उजवीकडे जाऊन बसते. एका दुपारी एक शाळकरी मुलगी एकटीच उन्हातल्या सीटवर शांत बसून होती. आई ओरडत होती, "इकडे ये." ती म्हणाली, "आता वळणार आहे ना गाडी, मी आधीच बसली." तिला रस्ता पाठ होता. ही सरकासरकी होत असताना गाडी वळणावर असते, अर्धी माणसं हात सोडून चालत असतात. म्हणून मे महिन्यात मोठ्या वळणावर वेग आणखी कमी ठेवायचा.

इलेक्ट्रिक बस आली तेव्हाचीही मजा सांगतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की आवाजच नाही. पहिल्या दिवसांत लोक एकमेकांकडे बघायचे, मग एखादे आजोबा उठून म्हणायचे, "पडली बंद. चला, उतरा." त्यांच्यामागे दोघे-चौघे खरंच दाराशी यायचे. कंडक्टर सांगून थकायचा. तुम्हाला अशी गाडी मिळाली तर दोन गोष्टी सांभाळा. ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की गाडी ब्रेक लागल्यासारखी स्वतःच मंदावते आणि उभी माणसं पुढे जातात, म्हणून पाय हळूहळू काढायचा. आणि रस्त्यावरच्या माणसाला तुमची गाडी ऐकूच येत नाही. तो मोबाईल बघत समोर येतो. इतवारी, महालच्या बाजूनं जाताना हे सतत डोक्यात ठेवा.

वर्धा रोडवर खाली जुना रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो, असा तीन मजली मामला ३.१४ किलोमीटर चालतो. सकाळी ऑफिसला उशीर झालेला एखादा साहेब दारात उभा राहून म्हणतो, "वरून घ्या ना, पाच मिनिटांत पोचू." एके दिवशी तर एकानं बसमध्ये मतदानच घेतलं. वरून जायच्या बाजूचे हात मोजले, बहुमत झालं, निकाल मोठ्यानं जाहीर केला. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "आणि माझा स्टॉप वर बांधून देशील का?" मतदान तिथेच रद्द. सगळे थांबे खालच्या रस्त्यावर आहेत, म्हणून बस खालूनच जाते. प्रवाशानं कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी मार्ग बदलायचा नाही. थांब्यावर वाट बघणारा माणूस बसमध्ये नसतो, म्हणून त्याचं मत कोणी मोजत नाही. त्याचं मत मोजायची जबाबदारी ड्रायव्हरची आहे, हे मी फार मनापासून सांगतो.

सणांत मला सगळ्यांत आवडता दिवस पोळ्याच्या पाडव्याचा. त्या दिवशी इकडे तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, असतो आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूकही. महाल, इतवारीकडचे मार्ग बदललेले असतात, ते सकाळी डेपोतून विचारूनच निघायचं. दुपारनंतर बसमध्ये लाकडी बैल चढायला लागतात. सजवलेले, चाकांवरचे, शिंगांना रंग दिलेले, गळ्यात माळ. एका आजोबांनी नातवाचा बैल सीटवर ठेवला आणि स्वतः उभे राहिले. बैल चांगला गुडघाभर उंच होता. पुढच्या थांब्यावर एक गृहस्थ चढले, म्हणाले, "हे उचला ना जी, मले बसू द्या." नातू म्हणाला, "तो थकला आहे. सकाळपासून चालून राहिला." गृहस्थ काही वेळ त्या बैलाकडे बघत राहिले, मग खिशातून दहाची नोट काढून त्यांनी बैलापुढे ठेवली आणि दांडा धरून उभे राहिले. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, द्यायची रीत आहे, त्यांनी ती चालत्या बसमध्ये पाळली. नातवानं लगेच बैल मांडीवर घेतला आणि त्यांना जागा दिली.

त्याच दिवशी मोहल्ल्यातली मुलं स्वतः केलेला बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला पुतळा, घेऊन गाडीत चढायला बघतात. कागदाचा, बांबूचा, गळ्यात महागाईच्या नावाची पाटी लावलेला. कंडक्टर म्हणाला, "याचं फुल तिकीट लागन." मुलं म्हणाली, "तो जळायलेच चालला ना काका, वापसीचं नका घेऊ." बडग्या आत घ्यायचा नाही, तो लवकर पेट घेणारा माल आहे. हसत समजावलं की मुलं ऐकतात, ओरडलं की बडग्यावर तुमच्या नावाची पाटी लागते. लाकडी बैल मात्र चालतो, फक्त चाकाचा असेल तर वाटेत ठेवू द्यायचा नाही. पहिल्या ब्रेकला तो पुढे केबिनपर्यंत येतो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की विधानभवन, झिरो माईल या भागातले रस्ते मोर्च्यांमुळे अचानक बंद होतात. गावाकडून आलेली माणसं विचारतात, "मंत्र्याच्या गेटवर उतरवान का?" त्यांना जवळचा चालू थांबा सांगा आणि कोणत्या बाजूनं चालत जायचं तेही सांगा. ती माणसं परतीच्या वेळी बहुतेकदा त्याच गाडीत येतात आणि काम झालं की नाही ते तुम्हाला आवर्जून सांगतात.

शेवटची फेरी संपली की गाडी लावून लगेच घरी पळू नका. कंडक्टरसोबत मागच्या सीटपासून पुढेपर्यंत एक चक्कर मारा, सीटखाली बघा. छत्र्या, डबे, चष्मे, चावीचे जुडगे निघतात. लग्नसराईत आम्हाला पत्रिकांनी भरलेली एक थैली मिळाली. नाव कुणाचंच नाही, म्हणून पत्रिकेवर छापलेल्या पहिल्या नंबरवर कंडक्टरनं फोन लावला. तो लागला नवरदेवाच्या मामाला. कंडक्टर म्हणाला, "तुमच्या पत्रिका आमच्या बसमध्ये आहेत." पलीकडून मामा कडाडले, "बसवाल्याले भेटल्या, अन् मले अजून नाही भेटली पत्रिका!" त्यांची समजूत घालायला थैली शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला. रात्री नवरदेवाचे वडील डेपोत आले, थैली घेतली आणि आधी मामांच्या घरी गेले.

असं सामान सापडलं तर त्याच रात्री डेपोच्या नोंदवहीत लिहायचं: गाडी नंबर, मार्ग, सीट, वेळ. जमा केल्याची सही घ्यायची. पैसे किंवा दागिना असेल तर कंडक्टर आणि डेपोचा माणूस दोघांच्या देखत मोजून लिहायचं, आणि मालक आला की त्याच्याकडून त्यात काय होतं ते आधी ऐकून मगच हातात द्यायचं.